एका थांब्याचं गाणं

बीटल्समधल्या जॉन लेननने १९६५ साली एक गाणं लिहायला घेतलं, तेव्हा त्याला त्यात बसचा अख्खा रस्ता घालायचा होता. लिव्हरपूलमधल्या आपल्या घरापासून शहराच्या मध्यापर्यंत बस जाते, वाटेत जे जे लागतं ते ओळीने सांगत जायचं, असा बेत. बालपणावर काही का लिहीत नाहीस, असं एका पत्रकाराने त्याला डिवचलं होतं म्हणे. त्या गाण्याचा हाताने लिहिलेला खर्डा आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात रस्ते आहेत, ट्राम उरल्या नाहीत असं ट्रामचं आगार आहे, सिनेमाघर आहे, आणि पेनी लेन हे नावही आहे. पण खर्डा लिहून झाल्यावर लेननलाच तो कंटाळवाणा वाटला. शाळेत पोरांना सुट्टीतल्या सहलीवर निबंध लिहायला सांगतात, त्यातला प्रकार. त्याने सगळी नावं खोडली. मागे राहिलं ते 'इन माय लाइफ'. त्यात आठवण आहे, माणसं आहेत, पण एकाही ठिकाणाचं नाव नाही.

हे गाणं मला फार आवडतं, पण इथे त्याच्याविषयी लिहायचं नाही. मला त्या खोडलेल्या यादीविषयी लिहायचं आहे. कारण मी बेळगावचा आहे, आणि याद्यांचं आम्हाला जन्मापासूनचं वावडं आहे आणि व्यसनही.

बसच्या रस्त्याची यादी म्हणाल तर आमच्याकडच्या कुणालाही झोपेत उठवून विचारा. बेळगावहून कोल्हापूरकडे निघालं की काकती, मग वंटमुरीचा घाट, हत्तरगी, मिरचीचं संकेश्वर, तवंदीचा घाट उतरून निपाणी, तिथे स्टँडवर तंबाखूचा वास आणि चहा, पुढे कोगनोळी, आणि मग कागल. कोगनोळी आणि कागलच्या मध्ये कुठेतरी राज्य बदलतं. एरवी ते कळतही नाही. गोंधळ असेल त्या दिवशी मात्र कर्नाटकची गाडी निपाणीतून मागे फिरते, एसटी कागलवरून मागे फिरते, आणि मधलं अंतर लोक पिशव्या घेऊन वडापने किंवा चालत कापतात. मी पुण्याला राहायला गेल्यापासून हा रस्ता इतक्यांदा केला आहे की नावं आपोआप तोंडात येतात. पण ती कागदावर उतरवली की लेननचं म्हणणं पटतं. ज्याने तवंदीचा घाट पाहिलेला नाही, त्याला 'तवंदीचा घाट' या दोन शब्दांनी काय मिळणार?

आणि सीमाभागाचं सगळं आयुष्य असल्या यादीत गेलं. 'बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही घोषणा मी चड्डीत होतो तेव्हापासून ऐकतो आहे. तिला स्वतःचा ताल आहे. हजार माणसं ती एकदम म्हणतात तेव्हा अंगावर काटा येतो, आजही येतो. पण त्यात बेळगाव कसं आहे ते नाही. बिदर-भालकी बेळगावपासून कित्येक तासांच्या अंतरावर आहेत, कारवार घाटाखाली समुद्रावर आहे, तिथली बोली वेगळी, जेवण वेगळं. घोषणेत ही सगळी एका माळेत ओवली, हे घोषणेचं कामच आहे. तक्रार घोषणेविषयी नाही. तक्रार अशी की घोषणेपलीकडे आमच्या वाट्याला गाणं फारसं आलं नाही.

आलं ते एक फार मोठं आलं. अण्णाभाऊ साठ्यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात १९२० साली जन्मलेले अण्णाभाऊ पोरवयात घरच्यांबरोबर पायी मुंबईला गेले आणि माटुंग्याच्या लेबर कॅम्पातल्या वस्तीत राहिले. म्हणजे सोडून आलेल्या गावाविषयी बोलायचा हक्क त्यांच्याइतका कुणाला नसेल. ते त्या छक्कडीत काय करतात ते नीट ऐकावं. पोटासाठी मुंबईला निघालेला गडी आहे, बायको गावात मागे राहिली आहे. गाण्याचा मोठा भाग तिच्यावर जातो: तिचं रूप, तिची चाल, ताटातुटीची वेळ, आणून देईन म्हणून सांगितलेले दागिने. मग मुंबई येते, तिचा झगमगाट आणि तिची गरिबी. आणि अगदी शेवटी ते सगळं वळून संयुक्त महाराष्ट्राच्या नकाशावर येतं, तिथे दुसऱ्यांच्या ताब्यात राहिलेल्या मुलखांमध्ये बेळगाव आहे.

म्हणजे मैनेला नाकडोळे आहेत, बेळगावला नुसतं नाव आहे. अण्णाभाऊंना हे कळत नव्हतं असं नाही. मुंबईविषयी लिहिताना, 'मुंबईची लावणी'मध्ये, त्यांनी त्या शहराचे मोहल्ले आणि माणसं अशी मांडली की पायाला चिखल लागावा. त्या शहरात ते राहिले होते. बेळगावात ते राहिले नव्हते, ते बेळगावसाठी लढत होते. या दोन गोष्टींतून निघणारी गाणी वेगळी असतात, आणि आमच्या वाट्याला आली ती लढाईची. ती नसती तर आमचं नाव महाराष्ट्रभर कुणी घेतलं नसतं हेही खरं. पण आमचं गाणं आमच्या गल्लीत बसून कुणी केलं नाही. बाहेरून कुणीतरी आमच्या बाजूने केलं.

आता पेनी लेन. लेननने खर्ड्यातून जे नाव खोडलं, ते पुढच्याच वर्षी त्याचा जोडीदार पॉल मॅकार्टनीने उचललं. यादी नाही घेतली, एक थांबा घेतला. पेनी लेन हा तसा एक साधा रस्ता, पण लिव्हरपूलवाले ते नाव घेतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे त्या रस्त्याच्या टोकाचा चौक असतो, जिथे बस बदलायची. मॅकार्टनी आणि लेनन एकमेकांकडे किंवा शहरात जायला निघाले की तिथे उतरायचे, तिथेच भेटायचे. लेननचं अगदी लहानपणीचं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. मॅकार्टनी तिथल्या चर्चमध्ये लहानपणी समूहगानात गायचा. म्हणजे हा गाण्याला शोभेलसा देखावा वगैरे काही नव्हता. बस यायची वाट बघताना पोरं जिकडे बघत बसतात, तो हा चौक.

आणि तो बघत बसला, हेच या गाण्यातलं सगळं. न्हाव्याचं दुकान आहे, तिथे आजवर केस कापलेल्या डोक्यांचे फोटो लावलेत. बँकेचा माणूस आहे, पावसात रेनकोट न घालता हिंडतो म्हणून पोरं त्याला हसतात. बंब लख्ख पुसून ठेवणारा अग्निशमन दलाचा जवान आहे. फुलं विकणारी नर्स आहे. बँकवाल्याला आणि बंबवाल्याला शेवटी तो न्हाव्याच्या दुकानात आणतो, कारण चौकातली माणसं शेवटी तिथेच येतात. बंबवाल्यांचं ठाणं प्रत्यक्षात त्या चौकात नव्हतंच, जरा लांब होतं. मॅकार्टनीने ते ओढून जवळ आणलं. आणि हवा? कडव्यात मुसळधार पाऊस आहे, ध्रुपदात निळंशार आकाश. आठवणीत दोन्ही एका वेळी खरं असतं, यात कसलीही लबाडी नाही.

बेळगावातच, कॅम्पातल्या एका मित्राच्या घरी हे गाणं मी पहिल्यांदा ऐकलं. कॅम्प म्हणजे आमच्याकडे इंग्रजी गाण्यांचं बंदर. लष्कर, चर्चं, मिशनच्या शाळा, गोव्याहून आलेली कुटुंबं, त्यांच्याकडचे मामा आणि त्या मामांच्या कॅसेटी. निळ्या कव्हराची, बीटल्सच्या १९६७ ते ७० या काळातल्या गाण्यांची कॅसेट होती. पहिलं गाणं 'स्ट्रॉबेरी फील्ड्स', दुसरं हे. इंग्रजी शब्द अर्धेच कळले, पण मधे एक ट्रम्पेट वाजतो तो डोक्यात बसला. मॅकार्टनीने दूरदर्शनवर डेव्हिड मेसन या वादकाला बाखच्या कॉन्चेर्टोमध्ये छोटा, उंच सुराचा ट्रम्पेट वाजवताना पाहिलं आणि त्यालाच बोलावून घेतलं. ते ध्वनिमुद्रण झालं १७ जानेवारी १९६७ रोजी. १७ जानेवारी ही तारीख वाचून बेळगावचा माणूस थबकतोच. १९५६ साली त्याच तारखेला आमच्या शहरात सीमा आंदोलनात गोळीबार झाला आणि मारुती बेन्नाळकर, मधु बांदेकर, लक्ष्मण गावडे, महादेव बारागडी गेले. दर वर्षी त्या सकाळी हुतात्मा चौकात फुलं वाहतात. दोन गोष्टींचा काही संबंध नाही. तारखा कुणाच्या बापाच्या नसतात.

संबंध आहे तो दुसऱ्या एका गोष्टीचा. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर, १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राने सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग नेमला. निवृत्त सरन्यायाधीश मेहरचंद महाजन निवेदनं घेत, लोकांचं म्हणणं ऐकत होते, गावोगावी कुठली भाषा किती माणसं बोलतात याचे कागद गोळा होत होते. नेमक्या त्याच हिवाळ्यात लंडनच्या स्टुडिओत पेनी लेनचा न्हावी आणि बंबवाला तयार होत होते. गाणं फेब्रुवारी १९६७ मध्ये आलं, आयोगाचा अहवाल ऑगस्टमध्ये. अहवालाने बेळगाव शहर म्हैसूर राज्यातच ठेवलं. निपाणी, खानापूर, नंदगड हे भाग महाराष्ट्राला द्यावेत म्हणून सांगितलं. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला आणि सगळं होतं तिथेच राहिलं. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. निपाणीत तर यातून एक मजेशीर रोजचं दृश्य तयार झालं आहे. गाव कर्नाटकात, आणि गावाचं देवचंद कॉलेज लगतच्या अर्जुननगरात, म्हणजे महाराष्ट्रात, शिवाजी विद्यापीठाकडे. पोरं सकाळी सायकलवर टांग मारून दुसऱ्या राज्यात जातात, तास बुडवून परत पहिल्या राज्यात येऊन भजी खातात. आयोगाच्या कोष्टकात हे बसत नाही. एखाद्या गाण्यात सहज बसेल.

शहापूरची गोष्टही तशीच. आज बेळगावचाच भाग वाटणारं शहापूर स्वातंत्र्यापर्यंत सांगली संस्थानात होतं, आणि बेळगाव ब्रिटिशांचं. म्हणजे आमच्या आजोबांच्या पिढीतला माणूस बाजाराला निघाला की मुलूख ओलांडत होता, आणि संध्याकाळी भाजी घेऊन परत आपल्या मुलखात येत होता. सीमा ही गोष्ट आमच्याकडे कुणाला नवी नाही. फक्त तेव्हाची सीमा कुणी घोषणेत घातली नाही.

गाणं गाजलं आणि पेनी लेनच्या पाट्या लोक चोरून नेऊ लागले. शेवटी तिथल्या नगरपालिकेला भिंतीवरच रंगाने नाव लिहावं लागलं. पुढे प्रश्न निघाला की हे नाव जेम्स पेनी या गुलामांच्या व्यापाऱ्यावरून तर पडलं नाही? तसं असेल तर रस्त्याचं नाव बदलावं. २००६ मध्ये ती चर्चा झाली आणि गाण्याच्या पुण्याईने नाव वाचलं. २०२० मध्ये जगभर पुतळे पडत होते तेव्हा पेनी लेनच्या पाट्यांवर कुणी काळा रंग फासला. मग तिथल्या गुलामगिरीविषयक संग्रहालयाने कागदपत्रं तपासून सांगितलं की रस्त्याचा त्या पेनीशी संबंध असल्याचा पुरावा सापडत नाही.

पाटीवर काळं फासलेलं पाहिलं की बेळगावकराला परकं वाटत नाही. आमच्याकडे दुकानावरच्या मराठी अक्षरांना काळं लागतं, महाराष्ट्रातून आलेल्या गाड्यांना लागतं, तिकडे कर्नाटकच्या गाड्यांना लागतं. २०१४ च्या जुलैमध्ये येळ्ळूरच्या वेशीवरचा 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' हा फलक पाडला, पुन्हा उभारला, पुन्हा पाडला, आणि गावात घुसून पोलिसांनी लाठ्या चालवल्या. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. मी बोलताना बेळगावच म्हणतो, आमच्या घरात सगळेच म्हणतात, आणि आमची कन्नड बोलणारी शेजारीण पहिल्यापासून बेळगावीच म्हणायची. नावावरून तिचं-आमचं कधी भांडण झालं नाही. पाण्यावरून झालं.

१ नोव्हेंबरचंच बोलायचं तर गाण्याच्या अंगाने तो दिवस मला फार विचित्र वाटतो. एकाच शहरात दोन मिरवणुका. चन्नम्मा चौकाकडे कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे, रात्रीपर्यंत डीजे, कन्नड गाण्यांवर हजारो पोरं नाचतायत. आणि दुसरीकडे १९५६ पासून चालत आलेला काळा दिन: काळ्या पट्ट्या, काळे झेंडे आणि मूक सायकल फेरी. एका बाजूला इतका आवाज की खिडक्यांच्या काचा थरथरतात, दुसऱ्या बाजूला ठरवून पाळलेली शांतता. निषेध म्हणून ती शांतता मला कळते. पण वर्षातून एकदा शहराला आपली भाषा दाखवायची संधी येते आणि त्या दिवशी आम्ही तोंड मिटतो, याची रुखरुख लागते. त्या फेरीत मी कॉलेजात असताना जात होतो. सायकलींच्या साखळ्यांचा आवाज येतो फक्त, आणि मधेच कुणाची तरी घंटी चुकून वाजते आणि पुढचे मागे वळून बघतात.

संगीताची वाण आहे म्हणावं तर तेही नाही. कुमार गंधर्व १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मले. धारवाडपर्यंतचा हा सगळा पट्टा गवयांचा. पण रागदारीला पत्ता लागत नाही. भीमपलास गाताना गणपत गल्लीत गर्दी किती होती हे सांगायचं नसतं. पत्ता सांगणारं गाणं म्हणजे पोवाडा, लावणी, आणि अलीकडच्या जगात रॉक आणि रॅप. मुंबईच्या गल्ल्यांतली पोरं आपापल्या गल्लीचं नाव घेऊन रॅप करू लागली आणि तो प्रकार सिनेमात गेला. बेळगावची पोरंही गिटार घेऊन बसतात, कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवतात, छान वाजवतात. पण त्यांची गाणी हिंदीतल्या रस्त्यांवर आणि इंग्रजीतल्या पावसावर. बेळगावात पावसाची टंचाई आहे का? जून लागला की चार महिने शहर भिजत असतं.

आमच्या गावाचं पेनी लेन झालंय, पण गाण्यात नाही, गोष्टीत झालंय. प्रकाश नारायण संतांचा लंपन. इंदिरा संतांचा हा मुलगा आयुष्यभर कराडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत होता, आणि तिथून त्याने लहानपणीच्या गावाकडे असं पाहिलं की त्यातला एकही दगड जागचा हलला नाही. 'वनवास' हे पुस्तक १९९४ मध्ये आलं, मग 'शारदा संगीत', 'पंखा' आणि त्यांच्या निधनानंतर 'झुंबर'. आईवडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा, त्याच्या 'मॅडसारखं' वाटण्याच्या गोष्टी. गाव ओळखायला बेळगावकराला एक पान पुरतं. कन्नड शब्द तिथे मराठीत असे नांदतात की त्यांचं काही वेगळं वाटत नाही. सीमा, आयोग, घोषणा यातलं काही त्या मुलाच्या डोळ्यांपुढे नाही. म्हणूनच ते पुस्तक आमच्या बाजूची सगळ्यात पक्की साक्ष आहे असं मला वाटतं: इथे ही माणसं ही भाषा अशी बोलत होती, याचा त्याहून चांगला पुरावा कुठल्या निवेदनात असणार? न्यायालयात तो चालणार नाही, ते असो.

माझी गल्ली लंपनच्या गावात येत नाही. मी वडगावचा, मागवाल्यांच्या वस्तीतला. शहापूर, वडगाव, खासबाग हा सगळा साड्या विणणाऱ्यांचा भाग. आमच्या घराला लागून यंत्रमागाची शेड होती, मधे एकच भिंत. गाण्यात काय घालायचं म्हणून मला विचाराल तर मी आधी ती भिंत घालेन.

त्या शेडमध्ये चार माग होते. लांबून ऐकणाऱ्याला नुसती खटखट. पण भिंतीला टेकून अभ्यास करणाऱ्याला ते चार वेगळे वादक होते. कुठलेही दोन माग अगदी एका गतीने चालत नाहीत. पट्टा जरा सैल, मोटर जरा जुनी, धोट्याला जरा जास्त झीज. त्यामुळे दोन माग एकमेकांच्या मागेपुढे सरकत राहतात. थोडा वेळ एकावर एक पडतात, तेव्हा भिंतीला हात लावला तर हादरा कळतो. मग सुटतात, एकाच्या मधल्या जागेत दुसरा वाजतो, आणि एकदम दुप्पट लय ऐकू येते. मग तिसरा त्यात घुसतो. धागा तुटला की एक थांबतो, उरलेल्या तिघांची चाल बदलून जाते, विणकर गाठ मारतो आणि तो परत शिरतो. पण आधीच्या जागी शिरत नाही. मी पुढे जे काही ड्रम ऐकले ते या मागांशी ताडून ऐकले. त्या मानाने बऱ्याच बँडचे ढोल फार शिस्तीचे वाटतात.

बायका ओट्यावर बसून कांड्या भरायच्या. राट फिरवायचा एका हाताने, दुसऱ्या हाताने सूत धरायचं, आणि तोंडाने सगळ्या गल्लीची खबर. आमची आई त्यात बसायची, ती मराठीत बोलायची, समोरची अज्जी कन्नडमध्ये उत्तर द्यायची, आणि दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नव्हतं. 'काय ग, आलं नाही का अजून पोरगं?' 'बर्ताने, बर्ताने' म्हणजे येईल, येईल. यातलं कुठलं वाक्य कुठल्या राज्याचं हे कुणी विचारलं नाही. कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानात आरशाच्या एका बाजूला डॉ. राजकुमार, दुसऱ्या बाजूला दादा कोंडके. पेनी लेनच्या न्हाव्याने गिऱ्हाइकांचे फोटो लावले होते. आमच्याने ज्यांच्यासारखं गिऱ्हाइकाला व्हायचं असतं त्यांचे लावले होते. खुर्चीत बसल्यावर तो विचारायचा, 'कुठलं करू?'

रात्री वीज गेली की सगळी पोरं जागी व्हायची. शहरातल्या माणसांना हे उलटं वाटेल. आम्हाला खटखटीत झोप लागायची. ती थांबली की दचकून डोळे उघडायचे. बाहेर विणकर बिड्या पेटवून ओट्यावर यायचे, वीज कधी येते त्याच्या पैजा लागायच्या, कुणीतरी भजन सुरू करायचं, कधी मराठी, कधी कन्नड. मध्यरात्री वीज परत आली की आधी एक माग, मग दुसरा, आणि आम्ही परत झोपलेले.

म्हणजे गाण्याची बांधणी माझ्या मनात तयार आहे. खटखटीवर सुरू करायचं. कडवं मराठीत, ध्रुपदात अज्जीचं कन्नड, भाषांतर न करता. ट्रम्पेटच्या जागी करडी मजलातला ढोल, नाहीतर हलगी. मध्ये आठ मात्रा सगळं थांबवायचं, वीज गेली म्हणून. कानाला ते अपघातासारखं लागलं पाहिजे. न्हावी आलाच. निपाणीच्या कॉलेजचं पोरगंही कुठून तरी आणायचं, मॅकार्टनी बंबवाला ओढून आणू शकतो तर मला निपाणी का नको? बाकी गावांची नावं एकही नाहीत. बेळगाव हे नावसुद्धा नको. ज्याला ओळखायचं तो ओळखेल.

मला गाता येत नाही, गिटारही येत नाही, त्यामुळे हे गाणं आजवर मी लोकांना नुसतं सांगत आलो आहे. गेल्या दिवाळीला वडगावात गेलो तेव्हा त्या शेडवाल्या मामांनाही सांगितलं. मामा आमच्या भिंतीपलीकडे माग चालवायचे. शेड त्यांची नव्हे, सावकाराची. ते मजुरीवर विणायचे. सुरतेच्या स्वस्त साड्यांपुढे वडगावचे माग एकेक करून थांबत गेले, तसे त्यांचेही थांबले. आता त्या शेडमध्ये भाड्याने मोटारसायकली लावतात. मामा ओट्यावर बसून होते. मी खटखटीपासून वीज जाईपर्यंत सगळं हातवारे करून सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, दोनदा 'हं' म्हणाले, आणि मग विचारात पडले.

'तम्मा, चार माग म्हणतोस ते चुकलं. तीन. चौथा कायम बंदच असायचा. त्याचा पट्टा काढून सावकाराने दुसऱ्या शेडला नेला होता.'

मी म्हटलं, मला चार ऐकू यायचे.

'तुला काय, तू भिंतीच्या पलीकडे. चौथा घालायचा तर घाल की, गाण्यात काय चालतंय. पण त्याची मजुरी मला नव्हती मिळत, ते पण घाल. आणि नाव कुणाचं तरी घालणार असशील ना? मग माझं घाल. सावकाराचं घालू नको. त्याचं नाव त्याच्या साड्यांवर होतंच.'